करट अंगावर काढू नका

आज सोयाबीनवर नाही, एका लाजेच्या दुखण्यावर लिहितोय.

बैलाच्या खांद्याला गळू आलं की आपण त्याच दिवशी डॉक्टर बोलावतो. स्वतःच्या शौचाच्या जागेजवळ करट आलं तर? "पेरणी उरकू दे" म्हणत मी १२ दिवस अंगावर काढलं. ट्रॅक्टरवर एका कुल्ल्यावर बसायचो, घरीसुद्धा बोललो नाही. शेवटी ताप भरला अन् चिरा देऊन पू काढावा लागला. तीन महिन्यांनी तिथूनच परत पू यायला लागला. भगंदर! मग ऑपरेशन.

माझं मत स्पष्ट आहे: दवाखान्यापेक्षा लाज महाग पडते. साठलेला पू नुसत्या गोळ्यांनी जात नाही. 'एका इंजेक्शनात मुळव्याध गायब' असल्या पाट्यांच्या नादी लागू नका. भगंदरावरच्या क्षारसूत्राचा उल्लेख सुश्रुतसंहितेत आहे, म्हणजे हे दुखणं काही आजचं नाही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई, त्याचंही १६८६ साली भगंदराचं ऑपरेशन झालं. राजाला झालं, तिथं आपण कशाला लाजायचं?

ऑपरेशननंतर जखम आतून भरत येते, कित्येक आठवडे लागतात. शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात बसायचं, पाणी भरपूर प्यायचं, भाकरी-पालेभाजी खायची, कुंथायचं नाही. ट्रॅक्टर डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच. ठणका वाढला, ताप आला किंवा शुगर असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पेरणी भावकीतलं कुणीही करून देईल. दुखणं मात्र आपलं आपल्यालाच भोगावं लागतं.