मंडईचे नाटक आणि रंगीत उजेड

धानाची कापणी आटोपली, दिवाळी सरली, की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर नाटक रंगते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडची मंडळे वडशाला जाऊन नाटक ठरवतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीची मान उंचावली. पण नाटक ठरवताना आपण नट पाहतो, गायिका पाहतो, उजेडाचे काय? ‘लाइटिंग रंगीबेरंगी पाहिजे,’ एवढे सांगून मोकळे होतो.

इथेच चुकते. दिव्यापुढचा जिलेटीन कागद (विहीर फोडायचे जिलेटीन नव्हे!) उजेडात रंग घालत नाही. तो आपला रंग सोडतो आणि बाकीचे अडवतो. म्हणून गर्द लाल उजेडात हिरवे लुगडे काळपट दिसते, गर्द निळ्यात सवाष्णीचे कुंकू काळे पडते. हिरव्यात तर धडधाकट नायकही आजारी वाटतो. शिवाय गर्द निळा कागद दिव्याचा बहुतेक उजेड खाऊन टाकतो. मग मागे ताडपत्रीवर बसलेल्या म्हातारीला आवाज ऐकू येतो, माणूस दिसत नाही.

उपाय महाग नाही. समोरून चेहऱ्यावर पांढरा किंवा फिका पिवळसर, गुलाबीसर उजेड ठेवावा. रात्र दाखवायची तर गर्द निळा मागून, वरून द्यावा. साड्या आणि पडदे आधी त्याच उजेडात पाहावेत. दुकानातली साडी आपण दाराशी उन्हात नेऊन पाहतोच ना?

आणि पैसे वाचवायला भेटवस्तूंचा चकचकीत कागद हॅलोजनवर बांधू नका. तो तापून वितळतो. वर कापडी मंडप, बाजूला तणस! उष्णता सोसणारा कागदच घ्यावा आणि चौकटीत, काचेपासून अंतर ठेवून लावावा.

एलईडी दिव्यांना कागद लागत नाही, बटण दाबले की रंग बदलतो. त्यामुळे मोह उलट वाढला आहे. बाई रंगमंचावर धाय मोकलून रडते आणि तिच्या तोंडावर लाल-हिरव्याचा नाच चालू!

मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनो, तिकीट काढून, थंडीत घोंगडी पांघरून जागणाऱ्याला नटाच्या डोळ्यांतले पाणी दिसले पाहिजे. यंदा वडशाला गेलात, की एवढे बजावून या: ‘भाऊ, शेवटच्या रांगेतून चेहरा दिसला पाहिजे.’