निवृत्तीचा पादांशिक क्रम

गेल्या वीस-बावीस वर्षांच्या चिकित्साव्यवसायात एक रुग्ण आमच्याकडे वारंवार आला आहे. दरवेळी त्याचे नाव निराळे असते, जात-धर्म निराळा असतो. लक्षणे मात्र तीच असतात. वय अठ्ठावन्न ते पासष्टच्या दरम्यान. झोप पहाटे तीनला मोडते. पोट साफ होत नाही. अन्नावर वासना नाही, सांधे धरतात, छातीत धडधडते. मुंबईहून केलेल्या सर्व तपासण्यांचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत व्यवस्थित ठेवलेले असतात आणि त्यांत विशेष काही आढळलेले नसते. 'काम काय करता?' या प्रश्नाला तो क्षणभर थांबतो आणि 'करत होतो' असे उत्तर देतो.

वैद्यबंधु-भगिनींनो, हा रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याला आपण काय देतो हेही आपण जाणतो. गंधर्वहरीतकी देतो, अश्वगंधा देतो, तिळतेलाचा अभ्यंग आणि मात्राबस्ती सांगतो. वार्धक्यात वाताचे प्राबल्य असते हे शास्त्रवचन असल्यामुळे चिकित्सा चुकीची म्हणता येत नाही. परंतु हेतूचा विचार केल्याशिवाय केलेली चिकित्सा अपुरी राहते, हेही शास्त्रवचनच आहे. या रुग्णाचा हेतू आहारात क्वचित सापडतो. तो बहुधा घरात, पिता आणि प्रौढ अपत्ये यांच्या बदललेल्या संबंधांत असतो. त्याविषयी आमचे मत मांडण्यासाठी हा लेखप्रपंच.

आमचे दिघी हे श्रीवर्धन तालुक्यातील राजपुरीच्या खाडीवरचे बंदर. समोर आगरदांडा आणि जंजिरा, मध्ये लाँच आणि जंगलजेटी. या किनाऱ्यावरील पित्यांचा इतिहास थोडा वेगळा आहे. येथला बाप पिढ्यान् पिढ्या बाहेरगावी राहिला. कोणी मुंबईच्या गिरणीत, कोणी गोदीत, कोणी व्यापारी जहाजावर, कोणी आखाती देशांत. चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला घरी येई. आखातात गेलेला दोन वर्षांनी एकदा. येताना तो भेटी आणी, मुले त्याच्याभोवती जमत आणि सुटी संपली की तो परत जाई. घर आईने चालवले. शाळेचा दाखला, शेताची लावणी, मुलीचे स्थळ, सर्व काही त्याच्या पत्रावर किंवा फोनवर, पण त्याच्या अनुपस्थितीत पार पडले.

असा मनुष्य साठाव्या वर्षी कायमचा घरी परततो, तेव्हा त्याची कल्पना अशी असते की आपण आपल्या घरी आलो. घराचा अनुभव मात्र असा असतो की पाहुणा मुक्कामाला राहिला. पंधरा दिवस कौतुक होते. मग तो तांदळाचा डबा कोठे ठेवावा हे सांगू लागतो, मुलाच्या मोटारसायकलीच्या हप्त्याची चौकशी करतो, सुनेला पंखा बंद करण्याची आठवण देतो. मुलगा गप्प राहतो. हे गप्प राहणे पित्याला अपमानासारखे लागते. आखातातून परतलेले एक गृहस्थ आम्हांला म्हणाले होते, "डॉक्टरसाहेब, तीस वर्षं मी ज्यांच्यासाठी परदेशात राहिलो, त्यांच्याशी काय बोलायचं हेच मला माहीत नाही." त्यांच्या मुलाशी आम्ही स्वतंत्रपणे बोललो. तोही, शब्द निराळे वापरून, हेच म्हणाला.

आता शास्त्राकडे वळू. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वयाचे तीन भाग केले आहेत. तीस वर्षांपर्यंत बाल, साठपर्यंत मध्य, पुढे शंभरपर्यंत जीर्ण. यातील बालवयाचे पुन्हा दोन भाग आहेत. सोळापर्यंत धातू अपरिपक्व असतात. सोळा ते तीस या काळात धातू वाढत असतात, परंतु मन बहुधा स्थिरावलेले नसते. मध्यवयात ते स्थिरावते. सुश्रुताचार्यांची गणना निराळी आहे; ते मध्यवय सोळाव्या वर्षीच सुरू करतात आणि सत्तरपर्यंत नेतात. मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याला मित्राप्रमाणे वागवावे, हे नीतिवचन आपण लग्नसमारंभांतून नेहमी ऐकतो. ते सुश्रुतांच्या गणनेशी जुळते. पण चरकांच्या गणनेकडे अधिक लक्ष द्यावे, असे आम्हांला वाटते.

कारण हिशेब असा आहे. सामान्यतः पहिले अपत्य पित्याच्या अठ्ठावीस-तिसाव्या वर्षी होते. म्हणजे पिता साठीला येतो त्याच सुमारास मुलगा तिशीला येतो. पिता मध्यवयातून जीर्णावस्थेत आणि मुलगा बालवयातून मध्यवयात, अशी दोन स्थित्यंतरे एकाच घरात, एकाच वर्षी घडतात. एकाचे सत्त्व नुकतेच स्थिर झालेले असते. दुसऱ्याच्या शरीरात वात वाढू लागलेला असतो. राज्य शासनाच्या बहुतांश कर्मचाऱ्यांचे सेवानिवृत्तीचे वय ५८ आणि केंद्राच्या सेवेत ६०. तेही नेमके याच संधीवर येते. मग शाल, श्रीफळ, दोन भाषणे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्या मनुष्याने काय करावे हे कोणी सांगत नाही.

ऋतुसंधीच्या चौदा दिवसांत आधीच्या ऋतूची चर्या हळूहळू सोडून पुढच्या ऋतूची हळूहळू घ्यावी, सहसा त्याग आणि सहसा स्वीकार केल्यास असात्म्यज रोग होतात, असे वाग्भटाचार्य बजावतात. चरकांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात पादांशिक क्रम सांगितला आहे. जडलेली अहितकर सवयही एकदम सोडावयाची नाही. चतुर्थांश सोडावयाची आणि तिच्या जागी चतुर्थांश हितकर ते घ्यावयाचे. जेथे अहितकर सवयीबाबतही शास्त्र एवढे सावध आहे, तेथे चाळीस वर्षांच्या उद्योगाचे, म्हणजे शरीरमनाला ओकसात्म्य झालेल्या गोष्टीचे, एका सायंकाळी विसर्जन करणे कोणत्या शास्त्रात बसते? आमच्या मते निवृत्तीनंतरच्या व्याधींत या सहसा त्यागाचा वाटा मोठा आहे.

हे आम्ही केवळ ग्रंथ वाचून लिहीत नाही. आमच्या हातून घडलेली चूक येथे नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते.

आमचे तीर्थरूपही वैद्यकव्यवसायी. आम्ही तिशीत शिरलो तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पदवी घेऊन आम्ही त्यांच्याच दवाखान्यात शेजारच्या टेबलावर बसत असू. त्या संधिकाळात कामाची वाटणी करावी, हे त्यांना सुचले नाही आणि विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. बारा वर्षे तशीच गेली. २०१९ साली आम्ही दवाखान्याचे नूतनीकरण केले. फरशी बदलली, काचेचे कपाट आणले आणि त्यांची लाकडी खुर्ची आतल्या खोलीत नेऊन ठेवली. 'बाबा, आता तुम्ही आराम करा' असे म्हणालो. हेतू चांगला होता, अशी आमची समजूत होती. खरे सांगावयाचे तर रुग्णांनी आम्हांला ओलांडून त्यांच्या टेबलाकडे जाणे आम्हांला बोचत होते.

दीड महिन्यात त्यांची झोप गेली. अरुची, मलावष्टंभ, बोलणे कमी. आम्ही वातशमन आरंभले. बस्ती दिले. उपशय यथातथाच. एके दिवशी खोकल्यासाठी आलेल्या एका वृद्ध कोळीणबाईंनी मोठे वैद्य कोठे आहेत असे विचारले. आम्ही आत आहेत म्हटल्यावर त्या सरळ आत गेल्या आणि अर्धा तास बोलत बसल्या. औषध त्यांनी आमच्याकडूनच घेतले. त्या रात्री वडील पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी खुर्ची बाहेर आली. झोप पूर्ववत झाली असे आम्ही म्हणणार नाही; पण बस्तीला यश येऊ लागले. आज मंगळवार आणि शुक्रवार सकाळी ते जुने रुग्ण पाहतात, औषधांच्या खरेदीत मत देतात आणि आमच्या चिकित्सेत चुका काढतात. त्या चुकांपैकी काही खऱ्या असतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळींच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या, आमचीही झाली. पुढच्या पावसाळ्यात वडिलांनी सुपारीची रोपे आणली. सुपारीला फळ धरण्यास पाच-सात वर्षे लागतात. आम्ही, पुन्हा एकदा अविचाराने, "आता कोणासाठी?" असे विचारले. ते रागावले नाहीत. "लावायचं काम माझं. खायचं कोणी, ते तुमचं तुम्ही बघा," एवढेच म्हणाले. ती रोपे आता डोक्याच्या वर गेली आहेत. फळ अजून धरावयाचे आहे.

या उत्तराचा अर्थ आम्हांला चरकांच्या तिस्रैषणीय अध्यायात गवसला. उपनिषदात पुत्रैषणा, वित्तैषणा आणि लोकैषणा या तीन एषणा आहेत. चरकांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा अशा तीन सांगितल्या. पुत्रैषणा त्यांत नाही. प्राणैषणा प्रथम आहे, कारण प्राण गेल्यावर सर्वच जाते. साठीनंतर ज्याची प्राणैषणा पूर्णपणे मुलांवर टांगलेली असते, तो मुलांच्या एका फोनवर जगतो आणि एका न आलेल्या फोनवर झुरतो. ययातीने पुरूकडे तारुण्य मागितले. आजचा पिता वेळ मागतो, आज्ञापालन मागतो, कधी कधी आपण न जगलेले आयुष्य मागतो. मुलांनी पित्याची सेवा करावीच. आचाररसायनात वृद्धांचे पूजन सांगितले आहे. पण तेच आचाररसायन अक्रोध आणि प्रियवादित्वही सांगते, आणि त्यातून वृद्धांना वगळलेले नाही.

दुसरे टोकही टाळले पाहिजे. आमच्या परिसरात दिघी बंदराची मालकी २०२१ मध्ये अदानी समूहाकडे गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांत दिघीचे नाव आहे. अशा ठिकाणी जमिनीचा भाव वाढतो आणि त्याबरोबर घरातील वादही. भावनेच्या भरात सर्व काही मुलांच्या नावे करून मोकळे होणारे पिता आम्ही पाहिले आहेत. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. बेलवलकरांनी केलेली चूक महाराष्ट्राने नाट्यगृहात बसून पाहिली आणि घरी येऊन पुन्हा केली. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे, न्यायाधिकरण आहे. परंतु त्यातील कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द करून घ्यावयाचे तर सांभाळ करण्याची अट असणे आवश्यक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. म्हणून अट लिहून ठेवावी. लिहून ठेवण्यात अविश्वास नाही. अनुपानही आपण लिहूनच देतो.

तेव्हा वैद्यमित्रांनी आणि औषध-व्यावसायिकांनी काय करावे, याविषयी आमच्या सूचना अशा.

पंचावन्नच्या पुढील प्रत्येक पुरुषरुग्णास प्रकृतिपरीक्षणाबरोबर तीन प्रश्न विचारावेत. काल सकाळी दहा ते बारा काय केले? घरात कोणाशी बोलणे होते? कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे आहेत? उत्तरांतून हेतू बहुधा कळतो. शक्य असल्यास मुलालाही एकदा वेगळे बोलवावे. सत्त्वावजय चिकित्सा एकट्या रुग्णाची होत नाही.

आपल्या स्वतःच्या व्यवसायात पादांशिक क्रम आजच आरंभावा. वैद्याला आणि दुकानदाराला निवृत्तीचे वय नसते, म्हणून तो ती कधीच योजत नाही. प्रथम पादात खरेदी आणि हिशेब पुढच्या पिढीकडे द्यावेत, दुसऱ्यात नवे रुग्ण किंवा नवे ग्राहक, तिसऱ्यात बँकेची सही आणि निर्मितीच्या परवान्याचा पत्रव्यवहार, चौथ्यात फलकावरील नाव. प्रत्येक पाद सोडताना त्याच्या जागी एक नवे काम घ्यावे. आपले अनुभविक योग लिहून काढणे, हे त्यांपैकी पहिले असावे. घ्यायला वारस नसेल, तर दुसऱ्याच्या मुलाला द्यावे.

ही शेवटची ओळ आम्ही स्वतःस उद्देशून लिहिली आहे. आमचे चिरंजीव वैद्य होणार नाहीत. बारावीनंतर त्यांनी नौकानयनाच्या शिक्षणाची वाट धरली. निरोप देताना आमच्या मनात तीन पिढ्यांच्या दवाखान्याविषयी एक वाक्य तयार होते. आम्ही ते उच्चारले नाही. ते तिशीला येतील तेव्हा आम्ही साठीच्या जवळ असू. सामान्यतः हा मुलगा दोन महिन्यांतून एकदा फोन करतो, पण गेल्या महिन्यात जहाज लागल्यावर उलटीसाठी सुंठ कशी घ्यावी हे विचारण्यासाठी त्याने फोन केला. आम्ही सांगितले, आणि जास्त काही बोललो नाही.

वाचकांनी आपले अनुभव व मतभेद अवश्य कळवावेत, ही नम्र विनंती.