इतिहासाच्या कार्यशाळेवरील हरकती

प्राथमिक शाळेतील सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी वर्षातून एक दिवस पाठ्यपुस्तक मिटून ठेवावे, आणि त्यांना जात्यावर दळावयास, बोरूने मोडी अक्षरे गिरवावयास व फुटकी खापरे जुळवावयास बसवावे, अशी तजवीज कोणी केली की विद्वज्जनांची ठरावीक हरकत पुढे येते : ज्या वयात काल आणि परवा यांतील भेद धड उमगत नाही, त्या वयात तीनशे वर्षांचे अंतर काय कळणार, आणि कागदपत्रांच्या शास्त्राला खेळाचे रूप देणे हा त्या शास्त्राचा अधिक्षेप नव्हे काय?

हरकतीचा पूर्वार्ध खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र उफराटा आहे. सनावळी मुलाच्या आकलनाबाहेरची, म्हणूनच प्रारंभ सनावळीने करू नये. पसाभर जोंधळे दळताना ज्याचे खांदे भरून आले, त्याला पिठाची गिरणी येण्यापूर्वी घरोघरच्या बायका पहाटेच्या अंधारात का उठत, हे निराळे सांगावे लागत नाही.

उत्तरार्धाविषयी बोलायचे, तर कागदाचा कैवार घेणाऱ्यांनीच कागदाचा विचार पुरता केलेला नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे मिळविली, तेव्हा कोठे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे 22 खंड उभे राहिले. आधी ओळ आखून तिच्याखाली अक्षरे लपेटीत नेणारे, ओल्या शाईवर वाळू टाकून ती झटकणारे मूल दस्तऐवज हाही कोणा कारकुनाच्या हातचा, चुकू शकणारा जिन्नस आहे, हे कित्येक पदवीधरांहून लवकर ओळखते.

शिवाय, जेथे कागदच नाही तेथे काय करावे? शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 पासून 1983 पर्यंत उत्खनन केले. तेथील सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी एक अक्षरही लिहून ठेवलेले नसता, जळक्या धान्यावरून त्यांचे प्रमुख पीक जव होते, आणि जमिनीतील खळग्यांच्या वर्तुळांवरून उत्तरकाळी ते लहान गोल झोपड्यांत राहत, हे निश्चित करता आले. तसेच खळगे शाळेच्या अंगणात करून, ‘येथे काय उभे असेल?’ एवढेच विचारावे. मुलांचा वाद जुंपतो, आणि त्या वादात अनुमानशास्त्राचा पहिला पाठ होऊन जातो.

मात्र कागदी पगड्या, पत्र्याच्या तलवारी आणि ‘शिवकालीन भोजन’ म्हणून वाढलेली बटाट्याची भाजी यांचे समर्थन मला करावयाचे नाही. बटाटा मराठी ताटात रुळला तो इंग्रजी अमदानीत. असल्या थाटाला आक्षेपकांनी खुशाल झोडपावे, मी त्यांच्या बाजूस उभा राहीन.

शाळाचालकांना विनंती इतकीच की, या दिवसाला वेळापत्रकात रीतसर जागा द्यावी, गावातील कुंभाराला व मोडी जाणणाऱ्या एखाद्या वृद्ध गृहस्थाला मानाने बोलवावे, आणि पगड्यांचा खर्च वाचवून एक जाते व दोन दौती विकत घ्याव्यात.