दुःखानेंहि जर्मन शिकावें काय?

जर्मनींत कांहीं वर्षें राहून आलेले आमचे एक विद्वान् स्नेही परवां बोलतां बोलतां म्हणाले, "चाळीस चाळीस वर्षें त्या देशाचें अन्न खाल्लें, आणि अजून या तुर्कांना मन मोकळें करायला तुर्की बोलणाराच मानसोपचारक पाहिजे! आतां तर तो घरबसल्या पडद्यावर मिळूं लागला. मग हे लोक जर्मन शिकणार केव्हां?" हा प्रश्न नवा नाहीं, जर्मनींतील पुष्कळ शहाणीं माणसेंहि तो विचारतात. परंतु मला त्यांत शहाणपणापेक्षां विस्मृतीच अधिक दिसते.

३० ऑक्टोबर १९६१ रोजीं पश्चिम जर्मनी व तुर्कस्तान यांच्यांत मजूरभरतीचा करार झाला. अनातोलियाच्या खेड्यापाड्यांतून माणसें निघालीं आणि रूरच्या कोळशाच्या खाणींत व कोलोनच्या मोटारींच्या कारखान्यांत जाऊन उभीं राहिलीं. निवड करतांना त्यांचे दात पाहिले, छाती पाहिली. जर्मन येतें कीं नाहीं याची पंचाईत कोणीं केली नाहीं. त्यांना नांवच 'पाहुणे कामगार' असें दिलें, आणि जाणाऱ्या पाहुण्याला घरची भाषा कोण शिकवितो? १९७३ सालीं भरती बंद झाली, पण पाहुणे राहिले, त्यांचीं बायकामुलें आलीं, आणि आज त्या देशांत तुर्की वंशाचीं तीस लाखांच्या आसपास माणसें आहेत. नवागतांसाठीं कायद्याच्या आधारानें देशभर एकसूत्री भाषावर्ग निघाले ते २००५ सालीं; म्हणजे करारानंतर त्रेचाळीस वर्षें उलटल्यावर! ज्यानें शिकविलें नाहीं त्यानेंच "शिकला कां नाहींस?" म्हणून छडी उगारावी, हा अन्याय आम्हां मास्तर लोकांच्या चांगला ओळखीचा आहे.

पण समजा, सर्वांना उत्तम जर्मन आलें. तरी प्रश्न मिटतो काय? बाजार करण्याची भाषा आणि रडण्याची भाषा एकच असते असें मानणाराला स्वतःचें घर ठाऊक नाहीं. तुर्कींत शोकानें पोळलेलें माणूस आपलें 'जीएर' जळतें असें म्हणतें. जीएर म्हणजे यकृत. आपल्या कानांवर असलेला 'जिगर' तोच. मराठी बाईला हें समजावून सांगावें लागणार नाहीं, कारण तिचेंहि काळीजच जळतें. तुर्की म्हातारी 'बेंबी पडली' म्हणून कण्हते. आपल्याकडे बेंबीची वाटी सरकते. वेड लागणें याला तुर्कींत 'डोक्याला गारठा होणें' असा प्रयोग आहे. हे शब्द शब्दशः जर्मनींत घालून पहा, म्हणजे डॉक्टर यकृताची तपासणी करील, पोटाची करील, आणि कांहींच न सांपडल्यावर रोगी ढोंगी ठरेल. असें ठरविण्यासाठीं तेथील वैद्यवर्गांत 'मोर्बुस बोस्पोरुस' म्हणजे 'बोस्फोरसचा रोग' असें एक कुत्सित नांवहि रूढ झालें होतें. ऐकणाराचें अज्ञान सांगणाराच्या माथीं मारण्याची ही युक्ति लॅटिन भाषेच्या आश्रयानें शास्त्रीय दिसूं लागते, इतकेंच.

२००३ सालीं कॅथरिन हॅरिस, आयशे आयचिचेगी आणि त्यांच्या सहकारी यांनीं, मातृभाषा तुर्की असून मागाहून इंग्रजी शिकलेल्या माणसांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. शब्द ऐकवून त्वचेंत होणारा सूक्ष्म फरक यंत्रानें मोजला, तेव्हां लहानपणीं वडील माणसें रागें भरत ते शब्द तुर्कींत जितके झोंबले तितके इंग्रजींत झोंबले नाहींत. मला याचें नवल वाटलें नाहीं. अठ्ठावीस वर्षें मीं इंग्रजी शिकविली; पण वडील गेले त्या रात्रीं एकहि इंग्रजी शब्द माझ्या उपयोगीं पडला नाहीं.

आमचे स्नेही येथें बर्टा पापेनहाइमचा दाखला देतात. व्हिएन्नाची ही तरुणी आजारांत आपली जर्मन हरवून बसली, इंग्रजीच बोलूं लागली, आणि बोलून बरें होण्याच्या उपायाला 'टॉकिंग क्युअर' हें नांवहि तिनेंच इंग्रजींत दिलें. दाखला खरा आहे. परंतु ती इंग्रजीकडे वळली तेव्हां डॉक्टर ब्रॉयर तिच्याशीं इंग्रजींत बोलले. "आधीं जर्मन बोल, मग ऐकतों" असें म्हणाले नाहींत. रोग्याच्या भाषेमागें वैद्यानें जावें, एवढेंच आमचेंहि म्हणणें आहे.

आतां कायदा पहा. १९९९ पासून मानसोपचारकाचा व्यवसाय तेथें कायद्यानें बांधलेला आहे व उपचारांचा खर्च आरोग्यविमा देतो. पण कोणत्या भागांत किती उपचारक असावे याची गणती लोकसंख्येवरून होते, भाषेवरून नाहीं. दुभाष्याचे पैसे विमा देत नाहीं. बहिऱ्या माणसाला खुणांच्या भाषेचा दुभाषी कायद्यानें मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. तुर्की आईला मात्र स्वतःची मुलगी दुभाषी म्हणून न्यावी लागते. बारा वर्षांच्या पोरीनें, आपल्या आईला जगावेंसें वाटत नाहीं हें वाक्य तिच्या तोंडून ऐकून परक्या माणसाला जर्मनींत सांगावयाचें! एकात्मतेचे पोवाडे गाणारांनीं त्या खोलींत एकदां बसून यावें. २०२१ सालीं सत्तेवर आलेल्या पक्षांनीं ही उणीव दूर करण्याचें वचन दिलें होतें. नोव्हेंबर २०२४ मध्यें त्यांची युती मोडली, तोंवर वचन कागदावरच राहिलें.

या पोकळींत पडदा आला. ऑक्टोबर २०१९ पासून मानसोपचारकांच्या दूरदृश्य भेटींनाहि विमा मान्यता देऊं लागला आणि २०२० च्या साथींत त्या फार वाढल्या. ज्या आडगांवीं तुर्की जाणणारा उपचारक नाहीं तेथील बाईला ही सोय म्हणजे मोठाच आधार, याबद्दल माझा वाद नाहीं. पण दोन खोल्यांच्या घरांत दाराआड सासू बसलेली असतां ती बाई पडद्यापुढें काय बोलणार? इस्तंबूलमध्यें बसलेल्या उपचारकाला तिची भाषा कळेल. निवासपरवान्याच्या कचेरीची भीति कळेलच असें नाहीं, आणि त्याचे पैसे विमा देत नसल्यामुळें तिला पदरचे मोजावे लागतील. तेव्हां ज्याच्यापाशीं पैसे त्यालाच मातृभाषा, असा हा न्याय होतो.

आणखी एक गोष्ट तुर्की सेवेच्या पुरस्कर्त्यांनाहि सांगितली पाहिजे. तुर्कस्तानांतून आलेल्या प्रत्येकाची मातृभाषा तुर्की नव्हे. कुर्द पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या भाषेवर तुर्कस्तानांत १९८३ च्या कायद्यानें घातलेली बंदी १९९१ पर्यंत चालू होती. ज्या कुर्द म्हाताऱ्यानें तुर्की शब्द प्रथम शिपायाच्या तोंडून ऐकला, त्याला ती भाषा 'तुमची' म्हणून पुढें करणें हा उपचार नव्हे. त्याची भाषा कोणती, हें पारपत्र न पाहतां त्यालाच विचारावें.

स्नेह्यांना हें पटलेलें नाहीं. ते उत्तर लिहिणार आहेत. तें आल्यास याच मासिकांत छापावें, अशी संपादकांस विनंति आहे.