आलिशान मोटारीस डिझेल शोभते काय?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले. ठिणगीवाचून, केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेने त्यात इंधन पेटते. थोड्या इंधनात पुष्कळ काम होते. शेतातील पंप, मालमोटार व बस यांना हा गुण वरदानच ठरला. १९३६ साली मर्सिडीझने ते प्रवासी मोटारीत आणले; पुढे आलिशान मोटारींनीही ते स्वीकारले.

आपल्याकडे ऑक्टोबर २०१४ पर्यंत डिझेलचा भाव सरकार ठरवीत असे. शेतकरी व बसचा प्रवासी यांच्यासाठी असलेल्या त्या सवलतीचा लाभ धनिकांनीही घेतला, हे न्याय्य नव्हते. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. एप्रिल २०२० च्या नियमांमुळे नव्या गाड्यांचा धूर पुष्कळ कमी झाला, हे मान्य; परंतु जुन्या गाड्या अजून धावतातच.

सुलतान बाजाराच्या गर्दीत अशी मोटार थांबते, तेव्हा मालक बंद काचेआड गारव्यात असतो. धूर मात्र पायी चालणाऱ्याच्या वाट्यास येतो. अनेकांचा भार वाहणारे इंजिन एकाच्या ऐषारामास जुंपू नये, असे मला वाटते.