संघ गावाचा की जातीचा?

कापसाची वेचणी सरत आली की यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी चषकाच्या क्रिकेट स्पर्धा भरू लागतात. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु एकेका जातीपुरत्या ‘प्रीमियर लीग’ भरविण्याची जी प्रथा महाराष्ट्रात अलीकडे रुजत आहे, तिचा धोका कार्यकर्त्यांनी वेळीच ओळखावा.

हा प्रयोग नवा नाही. मुंबईत १९०७ साली युरोपियन, पारशी व हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ येऊन ती चौरंगी, तर १९३७ मध्ये ‘इतरां’च्या संघामुळे पंचरंगी झाली. वर्धा आपल्या शेजारचे. तेथूनच डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी या धर्मवार सामन्यांना विरोध दर्शविला. १९४६ मध्ये ती स्पर्धा अखेर बंद पडली.

समाजाच्या संघामुळे दुर्बलांच्या मुलांना संधी मिळते, असे काही मित्र म्हणतात. त्यांनी बाळू पालवणकरांचे चरित्र आठवावे. चर्मकार समाजातील या थोर गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. १९२० मध्ये त्यांच्या धाकट्या बंधूंनी या अन्यायाविरुद्ध संघातून अंग काढून घेतले, तेव्हा कुठे १९२३ मध्ये त्यांपैकी विठ्ठल कर्णधार झाले. ही स्पर्धेची देणगी नव्हे, संघर्षाची कमाई होय. धर्माच्या नावाने बांधलेल्या संघातही जातीची उतरंड शाबूतच राहिली.

दुसरी वाट १९३४ मध्ये रणजी स्पर्धेने दाखविली. तीत संघ प्रांतांचे होते. आपला जिल्हा ज्यात मोडत असे, त्या मध्य प्रांत व वऱ्हाडचा संघही पहिल्याच हंगामात उतरला. १९५७ पासून विदर्भ स्वतंत्रपणे खेळू लागला आणि साठ वर्षांनी, जानेवारी २०१८ मध्ये, फैज फजलच्या नेतृत्वाखाली त्याने करंडक जिंकला. पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्यात यवतमाळ जिल्ह्याच्या अक्षय कर्णेवारने नाबाद ७३ धावा काढल्या. त्या साऱ्या विदर्भाच्या खात्यात जमा झाल्या. २०२५ मध्ये करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. या संघातील खेळाडूंची जात विचारण्याचे कोणाला कारण पडले नाही.

म्हणून आपल्या तालुक्यातील स्पर्धांच्या आयोजकांना कार्यकर्त्यांनी भेटावे. संघ गावाचा असावा, वस्तीचा असावा, कामगारांचा असावा. प्रवेशपत्रिकेवर गावाच्या नावासाठी जागा ठेवावी. जातीसाठी रकाना नसावा.