जुन्या संगणकातलं तिचं नाव



या वेळचं संपादकीय संगणकाबद्दल आहे हे पाहून काहीजणी पान उलटतील. जरा थांबा. आपल्या बहुतेक संघटनांच्या कचेरीत एक जुना संगणक असतोच, कुणा हितचिंतकाने नवा घेताना दिलेला, नाहीतर एखाद्या कंपनीने काढून टाकलेला. त्यात काय काय आहे याची एकदा यादी करा. सल्ला केंद्रात आलेल्या बाईचं नाव, ती सध्या लपून राहते तो पत्ता, नवऱ्याविरुद्धच्या अर्जाची प्रत, दवाखान्याचे कागद, बचतगटाचा हिशेब. कागदाची फाइल आपण कपाटात ठेवतो आणि किल्ली सांभाळतो. मग संगणकाचं काय?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने दिसतो. चादर-टॉवेलच्या कारखान्यांत शिलाई, मोजणी, घडी, पॅकिंग करणाऱ्या मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बाया संगणकाला हातही लावत नाहीत. पण हजेरी, आधार, बँक खातं, भविष्यनिर्वाह निधीचा नंबर संगणकात चढला की त्यांची मजुरी त्या यंत्रावर अवलंबून राहते. ते यंत्र एके दिवशी उघडेनासं झालं, तर तिने भरलेल्या आठवड्याचा पुरावा कुणाकडे?

सोलापूरला जुन्या यंत्राचं वावडं नाही. जुना माग बिघडला तर सुटा भाग बाजारात मिळतो, जॉबर येऊन बसवून देतो. संगणकातल्या प्रणालीचं तसं नाही. ती कशी विणली आहे हे बहुतेक वेळा फक्त बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक असतं. तिच्यात नवी फट सापडली की ती कंपनीच बुजवू शकते. कंपनीने हात आखडला की यंत्र धडधाकट असूनही उघडं पडतं. शिवाय नव्या प्रणालीसाठी दुरुस्ती निघाली की चोर तीच दुरुस्ती उलगडून पाहतात आणि तशीच फट जुन्या प्रणालीत शोधतात. म्हणजे वय वाढलं म्हणून संगणक धोक्याचा होत नाही. त्याच्या फटींची माहिती बाहेर वाढत जाते आणि तो मात्र होता तसाच राहतो.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या थांबवल्या. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना तेव्हा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देऊ केली. साधारण २०१७-१८ पूर्वीचे बहुतेक संगणक विंडोज ११ साठी अधिकृतपणे चालत नाहीत. चालतं यंत्र टाकाऊ ठरवण्याचा निर्णय दूर कुठेतरी होतो आणि भुर्दंड मात्र ज्यांना नवं परवडत नाही त्यांना पडतो. हा अनुभव आपल्याला नवा नाही.

धोका कल्पनेतला नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने दीडशेहून अधिक देशांतले संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. त्या फटीची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. बाधित झालेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते आणि त्यांच्यासाठी ती मिळतही होती. औषध आलं होतं, घेतलं नव्हतं. जूनमध्ये त्याच फटीचा वापर करणाऱ्या ‘नॉटपेट्या’मुळे आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडलं. आणि मार्च २०२१ मध्ये खुद्द महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकांवर खंडणीखोर हल्ला होऊन त्यांचं ऑनलाइन काम बंद पडलं.

मग आपण काय करायचं? ‘संगणकातलं त्या मुलाला कळतं’ असं म्हणून मोकळं होणं आधी बंद करू या. दुरुस्तीला यंत्र दुकानात गेलं की त्याच्यासोबत तिची फाइलही जाते. प्रत्येक संघटनेत निदान दोघींनी हे काम शिकून घ्यावं. दुरुस्त्या येत असतील तर ‘नंतर’ न म्हणता त्याच दिवशी घ्याव्यात. येत नसतील तर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवता येते. ती फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालतील अशा तिच्या हलक्या आवृत्त्याही आहेत. सी-डॅकने ‘बॉस’ नावाची भारतीय आवृत्ती तयार केली आहे. जवळच्या महाविद्यालयातल्या मुलींना हाताशी धरा, बसवताना शेजारी बसून शिका. फक्त आधी सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या.

अंकाच्या जुळणीसाठी पेजमेकर आणि जुने श्रीलिपी फॉन्ट लागतात म्हणून काहीजणी जुनंच विंडोज जपतात. खुशाल जपा, पण त्याची इंटरनेटची वायर काढून ठेवा आणि पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय लावू नका. नोंदींची प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर घ्या, डिस्क काढून कपाटात ठेवा. मदत मागायला आलेल्या बाईसाठी संगणकात फक्त क्रमांक लिहा. क्रमांक कुणाचा, ते कागदाच्या वहीत, कुलपात.

कारखान्यातल्या मैत्रिणींनी पगाराची चिठ्ठी मागून घ्यावी, हजेरी स्वतःच्या वहीत मांडावी, निधीच्या पासबुकाची प्रत घरी ठेवावी. युनियनने मालकाला विचारावं: आमची माहिती ज्या यंत्रात आहे त्याच्या दुरुस्त्या शेवटच्या कधी घेतल्या? आणि देणगीदारांना आपण स्पष्ट सांगू या की नुसतं यंत्र नको, त्याच्या देखभालीचा खर्चही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरा.

एखादी बाई घर सोडून आपल्याकडे येते तेव्हा ती आपल्यावर विश्वास टाकून नाव सांगते. ते नाव आपण कुठे लिहितो, ते किती सुरक्षित आहे, हे पाहणं तिच्यासाठी न्यायालयात उभं राहण्याइतकंच आपलं काम आहे. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. काय ठरलं, काय अडलं, ते आम्हाला जरूर कळवा.

संपादक मंडळाकरिता